काश्मीर ते कन्याकुमारी सायकलवर: पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

श्रीनगरहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ थेट कन्याकुमारीला संपतो. देशातला हा सर्वांत लांब महामार्ग. सायकलच्या हिशेबात साधारण ३,७०० किलोमीटर धरा. रोज नव्वद-शंभर किलोमीटर आणि दर सहा-सात दिवसांनी एक विश्रांती, असं धरलं तर पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात. शनिवार-रविवारी पन्नास-साठ किलोमीटर चालवणाऱ्या, ठणठणीत तब्येतीच्या कुणालाही हे जमू शकतं, असं मी पूर्ण विचार करून लिहितोय. अडतं ते पायांमुळे फार क्वचित. दुपारी थांबायची वेळ झालेली असताना "अजून वीस किलोमीटर होतील" असं वाटतं आणि आपण पुढे निघतो, तिथे अडतं. रोज वेळेवर थांबणं ज्याला जमतं तो कन्याकुमारीला पोचतो. हा सगळा लेख त्याच एका गोष्टीभोवती आहे.

कधी निघायचं

माझं ठाम मत: सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, उत्तरेकडून दक्षिणेकडे. तोवर वायव्य भारतातून मॉन्सून परतलेला असतो आणि काश्मीरमध्ये हवा गार असली तरी बोचरी नसते. पंजाब-हरियाणात भाताची काढणी नुकती सुरू झालेली असते. ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे शेतातले भाताचे खुंट जाळायला जोर चढतो आणि दिल्लीपर्यंत सगळीकडे धूर कोंडतो. त्या हवेत रोज सहा-सात तास धापा टाकत सायकल चालवणं फुफ्फुसांवर अन्याय आहे. त्याआधी हा पट्टा मागे टाकायचा. डिसेंबर-जानेवारीत याच पट्ट्यात दाट धुकं असतं आणि धुक्यात महामार्गावर सायकल घालूच नये.

या वेळापत्रकाची किंमत तमिळनाडूत मोजावी लागते. नोव्हेंबर म्हणजे तिथला पावसाळा, आणि बंगालच्या उपसागरात वादळंही याच काळात उठतात. तरी धुक्यापेक्षा आणि धुरापेक्षा पाऊस परवडला. शेवटच्या टप्प्यात दोन-तीन दिवस हातचे राखून ठेवा म्हणजे झालं. दिवाळी कुठे येते तेही आधी बघा. त्या दोन-तीन दिवसांत ढाबे आणि सायकलची दुकानं बंद मिळतात, म्हणून दिवाळीला मोठ्या गावात असलेलं बरं.

आधीचे तीन महिने

सरावात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लागोपाठ दिवस चालवणं. एका दिवसात दीडशे किलोमीटर मारून पुढचे चार दिवस पाय धरून बसण्यापेक्षा सलग तीन दिवस सत्तर-सत्तर करा. तिसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना जे जाणवतं, ते या मोहिमेचं खरं रूप. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या सायकल-फेऱ्या, करणाऱ्यांना २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरं करायची सवय असते. तो सराव उपयोगी आहेच, पण तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघायचं नसतं.

शेवटच्या महिन्यात एक फेरी सगळं सामान लादून करा, आणि तीही घाटातून. पुण्याकडचे असाल तर खंबाटकी आणि पसरणी चढून महाबळेश्वर, नाशिककडचे असाल तर कसारा, विदर्भातले असाल तर चिखलदरा. भरलेली सायकल उतारावर वेगळी वागते, ब्रेक उशिरा लागतात, हँडल थरथरतं. हे घराजवळ कळलेलं बरं.

सायकल

नवी महागडी सायकल घेण्याची गरज नाही. हायब्रिड असेल तर उत्तम. साधी एमटीबी (डोंगरी सायकल) ही चालते, फक्त तिचे खडबडीत टायर काढून गुळगुळीत घाला. टायर ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत. मागच्या कॅसेटचं, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या संचाचं, सगळ्यात मोठं चक्र ३२-३४ दात्यांचं असलं तर श्रीनगर-जम्मू रस्त्यावरचा पटनीटॉपचा चढ सामानासकट बसून चढता येतो. कॅरिअर लावायला फ्रेमला भोकं आहेत का ते पाहा. पाठीवर सॅक घेऊन ही मोहीम करू नका. खांदे, मान आणि बूड तिन्ही आठवड्याभरात बोलायला लागतात.

सीटची उंची एखाद्या जाणत्याकडून नीट लावून घ्या. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागच्या बाजूला दुखत असेल किंवा पेडल मारताना कंबर डावी-उजवी हलत असेल तर ती वर आहे. हाताची करंगळी बधिर होणं हा दुसरा नेहमीचा त्रास. दर दहा-पंधरा मिनिटांनी पकड बदला, कोपर थोडे वाकवून ठेवा.

दुरुस्तीच्या सामानात दोन ट्यूब, पंक्चरचे पॅच, टायर लिव्हर, पंप, चेन तोडायचं हत्यार असलेला मल्टिटूल, चेनची एक जोडकडी, गिअर आणि ब्रेकची एकेक केबल, ब्रेक पॅडची जोडी. हे सगळे सांगतात. तीन गोष्टी सहसा सुटतात. पहिली, तुमच्या चाकाच्या मापाचे दोन-तीन स्पोक, फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेवलेले. सामानाच्या ओझ्याने मागच्या चाकाचे स्पोक तुटतात आणि तुमचं माप छोट्या गावात मिळत नाही. दुसरी, तुमच्याच मॉडेलचा डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा मागचा भाग (डिरेलर) फ्रेमला धरून ठेवणारा छोटा तुकडा. तो वाकला की गिअर गेले, आणि एका सायकलचा हँगर दुसरीला बसत नाही. तिसरी, बारीक चिमटा. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरांमधल्या केसासारख्या तारा पडलेल्या असतात, त्या टायरमध्ये घुसतात आणि बोटाला लागत नाहीत. तार न काढता ट्यूब बदलली तर दोन किलोमीटरवर पुन्हा पंक्चर. ट्यूबचा व्हॉल्व्ह प्रेस्टा (बारीक तोंडाचा) असेल तर त्याचं छोटं अडॅप्टरही घ्या, कारण रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा असते पण त्याची नळी प्रेस्टाला बसत नाही.

चेनला दर अडीचशे-तीनशे किलोमीटरला आणि प्रत्येक पावसानंतर पुसून तेल द्या. सगळं सामान, पॅनियर (कॅरिअरच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्या) धरून, बारा किलोच्या आत बसवा. दोन जोड सायकलचे कपडे, एक जोड संध्याकाळचे, एक उबदार जॅकेट, एक पावसाळी. जॅकेट जम्मूनंतर पोस्टाने घरी पाठवून द्या. तंबू आणि स्वयंपाकाचं सामान या रस्त्यावर लागत नाही. लॉज, ढाबे आणि धर्मशाळा पुरेशा आहेत.

निघण्याआधीची कामं

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. निघण्याआधी नंबर पोस्टपेड करून घ्या किंवा तिथे पोचल्यावर स्थानिक सिम घ्या. मूळ आधारकार्ड जवळ ठेवा. रक्तगट आणि घरच्यांचे दोन नंबर लिहिलेलं कार्ड हँडलबारच्या पिशवीत, अपघात विमा, धनुर्वाताचं इंजेक्शन. राहण्या-जेवण्याचा खर्च एकट्याला दिवसाला १,२०० ते १,८०० रुपये धरा. दोघं असलात तर खोलीचं भाडं वाटलं जाऊन खर्च कमी होतो.

सायकल पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मूतावीपर्यंत नेता येते. आपल्याच तिकिटावर ती लगेज म्हणून पार्सल ऑफिसात बुक करायची. गाडीच्या वेळेआधी दोन-तीन तास तरी पोचा. पेडल काढा, हँडल आडवं वळवा, डिरेलरवर जाड पुठ्ठा बांधा. जम्मूहून श्रीनगरला टॅक्सी किंवा बसच्या टपावर सायकल जाते. जाताना खिडकीशी बसा, कारण हाच रस्ता तुम्हाला उलटा चालवायचा आहे.

श्रीनगर ते जम्मू: सगळ्यात अवघड आधी

नकाशावर वाटतं की काश्मीरहून खाली समुद्रापर्यंत उतारच उतार. प्रत्यक्षात सगळ्यात मोठे चढ पहिल्या चार-पाच दिवसांतच आहेत, अंग मोहिमेला सरावायच्या आधी. म्हणून इथे रोजचे शंभर किलोमीटर विसरा. पन्नास-साठ पुरे.

पहिला दिवस काझीगुंडपर्यंत, जवळपास सपाट. पांपोरची केशराची शेतं, अवंतिपोऱ्याचे प्राचीन मंदिराचे अवशेष, संगमजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रचून ठेवलेल्या विलोच्या क्रिकेट बॅटी. घाई करू नका, हा दिवस पुन्हा मिळत नाही. पुढे बोगदे. काझीगुंड-बनिहाल बोगदा साडेआठ किलोमीटरच्या आसपास आहे आणि तो २०२१ मध्ये वाहतुकीला खुला झाला. चेनानी-नाशरी नऊ किलोमीटरहून थोडा जास्त, २०१७ पासून सुरू आहे. या बोगद्यांत सायकल सोडतीलच असं धरू नका. आदल्या संध्याकाळी वाहतूक पोलिसांना विचारा. सोडलं नाही तर जुना रस्ता, किंवा टेम्पोत सायकल घालून पलीकडे. "सलग चालवलं नाही" म्हणून खंत करणारे भेटतील, त्यांचं मनावर घेऊ नका. आठ-नऊ किलोमीटर बंदिस्त बोगद्यात गाड्यांच्या धुरात सायकल चालवण्यात काही मोठेपणा नाही.

चेनानीचा बोगदा टाळला की बटोतहून पटनीटॉपचा चढ येतो, सुमारे २,००० मीटर उंचीपर्यंत. तो पहाटे सुरू करा. बनिहाल ते रामबन हा चिनाबच्या खोऱ्याकडे उतरणारा भाग दरडींचा आहे. पाऊस झाला की वरून दगड येतात आणि रस्ता बंद होतो. अशा दिवशी बनिहालमध्येच थांबून राहायचं. लष्कराचा ताफा आला की सायकल रस्त्याखाली घेऊन उभं राहायचं, आणि छावण्यांचे, पुलांचे, बोगद्याच्या तोंडांचे फोटो काढायचे नाहीत.

दिवसाचा साचा

जम्मूपासून रस्ता सपाट होतो आणि इथून रोजचं वेळापत्रक बसवायचं. फटफटलं की निघायचं, अंधारात नाही. निघताना थोडं खायचं, पंचवीस-तीस किलोमीटरवर पोटभर नाश्ता. दुपारी एक-दोनपर्यंत दिवसाचं अंतर संपलं पाहिजे. मग आंघोळ, कपडे धुणं, जेवण, झोप, संध्याकाळी सायकल तपासणं, उद्याचं मुक्कामाचं गाव ठरवून तिथल्या लॉजला फोन. रात्री नऊला दिवा बंद.

दुपारी दोननंतर जे किलोमीटर होतात ते सकाळच्या दुप्पट दमवतात. ऊन असतं, वारा उठलेला असतो, ट्रकवाले जेवून सुस्तावलेले असतात आणि आपलंही लक्ष विस्कटलेलं असतं. शिवाय संध्याकाळी उशिरा गावात शिरलं की मिळेल ती खोली घ्यावी लागते. एकट्या निघणाऱ्या मैत्रिणींना तर माझा आग्रहच आहे: मुक्कामाची खोली आदल्या दिवशी फोनवर पक्की करायची, चारच्या आत खोलीत, आणि खोलीची कडी नीट लागत नसेल तर लगेच दुसरं लॉज.

पाणी तासाला अर्धा लिटर, उन्हात जास्त. दिवसातून दोन वेळा ओआरएस. भूक लागायची वाट बघू नका, दर पाऊण तासाने केळं, चिक्की, खजूर, शेंगदाणे-गूळ, काहीतरी तोंडात टाका. सायकलच्या पॅडवाल्या पँटच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, आणि ती रोज धुवून वाळलेलीच घालायची. बुडावर पुरळ किंवा गळू दिसलं तर त्याच दिवशी विश्रांती. एका दिवसात जे बरं होतं ते दुर्लक्ष केलं तर मोहीम संपवतं.

महामार्गावर

पांढऱ्या पट्टीच्या डाव्या बाजूला सायकलची जागा. तिथे उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली, ट्रॅक्टर, गुरं सगळं भेटतं. डावीकडेच राहा आणि आवाज द्या. हँडलला आरसा लावा, कानात काही घालू नका, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. सर्वांत धोक्याची जागा उड्डाणपुलाच्या तोंडाशी असते, जिथे सर्व्हिस रोड फुटतो. तिथे भरधाव गाडी अचानक डावीकडे वळते. मागे पूर्ण बघितल्याशिवाय तो तुकडा ओलांडू नका, लागलं तर उतरून उभे राहा. पुलांवरच्या जोडांच्या फटी तिरप्या नाही, काटकोनात ओलांडायच्या. कुत्री धावून आली तर उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा. पळणाऱ्या चाकामागेच ती धावतात.

पंजाब ते नागपूर

पंजाबात राहण्याची चिंता नाही. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून, पाय धुवून जा, सेवादारांना विचारा. बहुतेक ठिकाणी जागा मिळते आणि लंगर असतोच. जेवल्यावर भांडी घासायला हात लावा. लुधियाना सायकल उद्योगाचं शहर आहे, सुटे भाग भरपूर आणि स्वस्त मिळतात. सायकलची पहिली मोठी तपासणी इथे करून घ्या.

पानिपतला अर्धा दिवस काढाच. १७६१ च्या लढाईचं स्मारक, काला आंब, गावाबाहेर आहे. मराठी माणसाने तिथवर सायकलने यावं आणि न थांबता पुढे जावं हे मला पटत नाही. ग्वाल्हेरलाही तेच: राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, किल्ला आहे, आणि तिथल्या जुन्या मराठी घरांतून आजही आपली भाषा ऐकू येते. आठवड्याची विश्रांती तिथे बसवा.

दिल्लीसाठी एकच उपाय, रविवारची पहाट. शनिवारी मुरथल-सोनीपतच्या आसपास मुक्काम, आणि फटफटताच निघून गर्दी वाढायच्या आत शहर ओलांडून फरिदाबादच्या पुढे. एक्सप्रेसवेंवर सायकलला मनाई असते, त्यामुळे नकाशाचं ॲप तिकडे वळवत असेल तर ऐकू नका. आग्र्यापुढे धोलपूर आणि मुरैना यांच्यामध्ये चंबळ आणि तिचं बीहड (घळींचं रान), मग झाशी, ललितपूर. सागरपासून रस्ता वरखाली होत राहतो. बरमानजवळ नर्मदा ओलांडली की गावं विरळ होतात. लखनादौन आणि सिवनी हे मुक्काम आधी पक्के करा, पाण्याच्या बाटल्या वाढवा.

सिवनी ते खवासा हा पेंचच्या जंगलाचा भाग. इथे वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ता लांबच्या लांब उचलून घेतलाय. तो पाहताना मला फार बरं वाटतं. हा टप्पा सकाळी आठनंतर सुरू करून दुपारआधी संपवा. तिन्हीसांजेला इथे थांबायचं नाही.

खवासाला महाराष्ट्र लागतो. मनसर, कामठी, नागपूर, बुटीबोरी, हिंगणघाट, पांढरकवडा असा अडीचशेच्या आत-बाहेरचा तुकडा आपला. नागपूर म्हणजे जवळपास निम्मी वाट. इथे दोन दिवस थांबा: सायकलची पूर्ण सर्व्हिसिंग, चेन किती ताणली आहे ते मोजून गरज असेल तर नवी, मागचा टायर पुढे आणि पुढचा मागे. सावजीचा मोह मात्र आवरा. तो रस्सा मोहीम संपल्यावर खायचा, मोहिमेच्या मध्यात पोट बिघडलं तर तीन दिवस जातात. घरच्यांना भेटायला बोलवायचं असेल तर इथे बोलवा. आणि घरी परत जावंसं वाटेल तेही इथेच, कारण घर जवळ असतं आणि नवलाई संपलेली असते. दोन दिवस झोपून, जेवून मग निर्णय घ्या. बहुतेक जण पुढे जातात.

दक्षिण

पैनगंगा ओलांडली की तेलंगण. आदिलाबाद, निर्मल, पुढे सोनजवळ गोदावरी. या दिवसांत शेतकरी रस्त्याच्या कडेला मका आणि धान वाळत घालतात. आपली डावी बाजू त्याने भरलेली असते, म्हणून बाहेर वळण्याआधी आरशात बघा आणि धान्यावरून चाक नेऊ नका. हैदराबादच्या बाह्यवळण रस्त्यावर सायकलला बंदी आहे, त्याच्या लगतचा सर्व्हिस रोड वापरा. बंगळुरूला देवनहळ्ळीहून होस्कोटेमार्गे होसूर गाठलं तर शहराची गर्दी टळते.

जेवण बदलतं. इडली-भात लवकर पचतो, म्हणून वाटेतलं खाणं वाढवा, शेंगदाणे आणि उकडलेली अंडी जवळ ठेवा. भरगच्च आंध्र थाळी मुक्कामाला पोचल्यावर, वाटेत नाही. तमिळनाडूच्या खेड्यांत हिंदी चालत नाही. पाण्याला तेलुगूत नीळ्ळु, कन्नडमध्ये नीरु, तमिळमध्ये तण्णी. बाकी खाणाखुणांवर निभतं, आणि लोक फार जीव लावतात.

धर्मपुरी आणि सेलम यांच्यामधल्या तोप्पूर घाटाचा उल्लेख वेगळा करतो. दक्षिणेकडे जाताना तो लांब उतार आहे आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. वर थांबून ब्रेक पॅड तपासा, पाऊस असेल तर थांबून राहा. वेग धरू नका, मागून ट्रकांची रांग येत असेल तर मोकळ्या जागी बाजूला व्हा. पुढे नामक्कल-करूरमध्ये कावेरी, दिंडिगल, मदुराई, तिरुनेलवेली. पावसात सकाळी निघताना टायरमधली हवा किंचित कमी करा, रस्त्यावरच्या पांढऱ्या रंगावर ब्रेक मारू नका. अरल्वायमोळीच्या खिंडीत पवनचक्क्यांचं रान आहे. तिथे त्या का उभारल्या ते आडव्या वाऱ्याने कळतं. हँडल घट्ट आणि खांदे सैल.

परतीचं तिकीट मदुराईला पोचेपर्यंत काढू नका. एकदा तारीख ठरली की माणूस तिच्यासाठी दुपारी दोननंतरही चालवायला लागतो. कन्याकुमारीहून पुण्याला थेट एक्सप्रेस आहे. आरक्षण मिळेना तर दोन दिवस तिथेच राहा, विवेकानंद शिलास्मारकाच्या बोटीची रांग सकाळी लवकर लावा. पार्सल ऑफिसात सायकल देताना नाव, फोन आणि स्टेशन लिहिलेला पुठ्ठा फ्रेमला दोन ठिकाणी बांधा, पॅनियर, दिवे आणि आरसा काढून स्वतःजवळ ठेवा, आणि पावती पुण्यात सायकल ताब्यात येईपर्यंत सांभाळा.